एमजी म्हणजे मॉरिसचं गॅरेज!

व्हायचं होतं डॉक्टर, हातात आला पाना. चार पौंडांच्या भांडवलावर घरामागच्या शेडमध्ये सायकल दुरुस्ती सुरू करणाऱ्या विल्यम मॉरिसची ही गोष्ट. त्याच्या नावाच्या जुन्या गाड्या लोक आजही घरच्या घरी खोलतात, जोडतात आणि पळवतात.

शहापूरला हायवेच्या कडेला वडापाव खात उभे असाल किंवा मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेजला निघाला असाल, तर एक करा. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या नाकावरचे बिल्ले वाचा. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा हे तर पाठच असतात. मधेच एक अष्टकोनी बिल्ला दिसेल. त्यात दोनच अक्षरं, एमजी.

एमजी म्हणजे काय हो? एमजी रोडवाले एमजी तर नक्कीच नाहीत. ही गाडी भारतात आली २०१९ मध्ये आणि तिचा कारखाना आहे गुजरातेत हलोलला. कंपनीमागे चीनची साइक आणि आपली जेएसडब्ल्यू आहे. पण नाव ना चिनी, ना भारतीय. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. सरळ मराठीत सांगायचं तर मॉरिसची गॅरेजं. आपल्याकडे नाक्यावर अमुकतमुक ऑटो गॅरेज अशी पाटी असते ना, अगदी तसंच. एका गॅरेजवाल्याच्या पाटीवरचं नाव शंभर वर्षं टिकलं आणि जगभर फिरून माळशेजच्या रस्त्यावर आलं.

हा गॅरेजवाला कोण होता? तुमच्या वयाचा असताना तो काय करत होता? आणि त्याच्या गॅरेजचं नाव लावलेल्या जुन्या स्पोर्ट्स कार आजही लोक घराच्या मागच्या बाजूला उभ्या करून स्वतःच्या हातानं का दुरुस्त करतात? पाना हातात धरणाऱ्या प्रत्येकानं हे माहीत करून घ्यावं असं आहे.

घरामागची शेड

विल्यम रिचर्ड मॉरिस जन्मला १० ऑक्टोबर १८७७ रोजी, इंग्लंडमधल्या वुस्टर गावात. तो लहान असतानाच कुटुंब ऑक्सफर्डला आलं. हो, तेच विद्यापीठाचं ऑक्सफर्ड. पण मॉरिसच्या घरचा विद्यापीठाशी काही संबंध नव्हता. सात भावंडांत विल्यम थोरला. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, त्यातही सर्जन. माणसाचं शरीर उघडून आतलं बिघडलेलं नीट करायचं, हे त्याच्या डोक्यात होतं.

पण वडिलांची तब्येत ढासळली आणि घरची कमाई आटली. थोरल्या पोराचं अशा वेळी काय होतं हे किन्हवली किंवा सरळगावच्या पोरांना समजावून सांगायला नको. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठाच्या गावात राहूनही तो त्या विद्यापीठाचा विद्यार्थी कधीच झाला नाही.

विल्यम एका सायकल दुकानात उमेदवारीला लागला. तेव्हा सायकल नवी होती आणि तिची जबरदस्त हवा होती. विद्यापीठातली श्रीमंत पोरं सायकलींवर फिरायची, सायकली बिघडायच्या आणि दुरुस्तीला यायच्या. नऊएक महिन्यांनी विल्यमनं मालकाकडे थोडी पगारवाढ मागितली. मालक नाही म्हणाला. विल्यमनं नोकरी सोडली.

वय सोळा, खिशात चार पौंड. आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. आपल्याकडे परसदारी किंवा मागच्या पडवीत बसून कुणी पंप खोलतो, कुणी मोटर बांधतो, तसंच हे. घरातली पुढची खोली झाली दुकान आणि मागची शेड झाली वर्कशॉप. आधी फक्त दुरुस्ती होती. मग सुटे भाग आणून तो सायकली स्वतः बांधायला लागला. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. माणूस आडदांड, त्यांना साधी सायकल पुरेना. विल्यमनं त्यांच्या मापाची २७ इंची फ्रेम बांधून दिली. ती सायकल गावात फिरायला लागली आणि जाहिरात आपोआप झाली.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. आपल्याच सायकली घेऊन तो शर्यतीत उतरला. आसपासच्या भागातल्या बऱ्याच शर्यती त्यानं जिंकल्या. गिऱ्हाइकाला दुसरा पुरावा कशाला हवा?

इथे आपल्याकडचं एक नाव आठवतं. साधारण याच काळात बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या भावाबरोबर सायकलचाच धंदा करत होते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या. त्यांच्या किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ ची. पुढे तिथून लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि किर्लोस्करांचा पंप महाराष्ट्रातल्या शेताशेतांत पोहोचला. एकजण बेळगावात, दुसरा ऑक्सफर्डमध्ये. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांच्याही धंद्याची सुरुवात सायकलपासूनच झाली.

लिलावात स्वतःचीच हत्यारं

सायकलनंतर मोटरसायकल आली. विल्यमनं तीही बांधली. मग मोटारी यायला लागल्या. त्या चालवणारी बहुतेक माणसं पैसेवाली होती, पण बॉनेट उघडून आत काय चाललंय ते समजणारी माणसं फारच थोडी. विल्यमला ते समजत होतं. कुठल्याही कॉलेजात न जाता समजत होतं, कारण तो बिघडलेल्या वस्तूसमोर बसून राहायचा आणि कळल्याशिवाय उठायचा नाही.

१९०३ मध्ये त्यानं भागीदारीत मोठा धंदा सुरू केला. भागीदाराकडे पैसा होता, विल्यमकडे हात होते. कागदावर जोडी झकास होती. पण खर्च सुटत गेला आणि वर्षभरात धंदा बुडाला. देणी फेडायला दुकानातल्या सगळ्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात विल्यमची हत्यारंही गेली. शेडमध्ये दिवसरात्र वापरलेली, हाताला सवय झालेली ती हत्यारं.

आणि मग त्यानं काय केलं? त्याच लिलावात उभं राहून त्यानं बोली लावली आणि आपलीच हत्यारं परत विकत घेतली. त्यासाठी त्याच्या अंगावर पन्नास पौंडांचं कर्ज झालं. तेव्हा त्याचं वय होतं सव्वीस. त्याच वर्षी, १९०४ मध्ये, त्याचं एलिझाबेथ अॅन्स्टीशी लग्न झालं. म्हणजे संसार सुरू झाला तो कर्ज आणि पाने-पकडी घेऊन.

लिलावात दुसरं काही वाचवता येत नव्हतं. दुकान गेलं तर नवीन भाड्यानं मिळतं. पण हत्यारं गेली तर उद्या सकाळी कामाला सुरुवात कशानं करणार? विल्यमनं नेमकं तेच ओळखलं. ऑक्सफर्डच्या लाँगवॉल स्ट्रीटवर त्यानं पुन्हा काम सुरू केलं. सायकली, मोटरसायकली, भाड्याच्या गाड्या, दुरुस्ती, जे येईल ते. पुन्हा कधी धंद्याची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. याच गॅरेजला पुढे त्याचं नाव लागलं, मॉरिस गॅरेजेस.

नकाशावर चारशे गाड्या

रोज दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट कळते. कंपनी जे सांगत नाही ते. कुठला भाग हमखास मोडतो, कुठे हात पोहोचत नाही, कुठल्या कंपनीचा एक्सल टिकतो आणि कुणाचं इंजिन कुरकुरतं, हे सगळं मॉरिसला पाठ झालं होतं. त्यावरून त्यानं स्वतःची गाडी काढायचं ठरवलं.

आणि पद्धत कुठली वापरली? तीच, शेडमधली. स्वतः सगळं बनवत बसायचं नाही. इंजिन एकाकडून, एक्सल दुसऱ्याकडून, चाकं तिसऱ्याकडून, बॉडी चौथ्याकडून. ज्याचा जो भाग चांगला तो घ्यायचा आणि आपण नीट जोडायचं. सायकल जशी बांधली तशीच मोटार. १९१२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्याची गाडी वेळेत तयारही झाली नव्हती. हातात होते फक्त नकाशे. ते नकाशे बघून लंडनच्या एका विक्रेत्यानं चारशे गाड्यांची ऑर्डर दिली! १९१३ मध्ये मॉरिस ऑक्सफर्ड रस्त्यावर आली. तिच्या गोल नाकामुळे लोक तिला बुलनोज म्हणायचे, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची. ऑक्सफर्डजवळ काउली इथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत कारखाना सुरू झाला. त्याच जागेतल्या शाळेत एकेकाळी मॉरिसचे वडील शिकले होते.

पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली. १९२१ च्या सुरुवातीला काउलीत न विकलेल्या गाड्यांची रांग लागली. बाकीचे कारखानदार हात बांधून बसले होते. मॉरिसनं उलटं केलं, किमती थेट शंभर पौंडांपर्यंत कमी केल्या. सगळ्यांना वाटलं हा आता बुडणार. पण गाड्या खपल्या, संख्या वाढली, आणि जास्त संख्येमुळे प्रत्येक गाडीचा खर्च कमी झाला. १९२५ मध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या काउलीतून बाहेर पडत होत्या. घरामागच्या शेडला तेव्हा बत्तीसच वर्षं झाली होती.

एमजी कुणाची?

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. सेसिल किंबर. तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाला मोठी इजा झाली होती, पण वेगाचं वेड काही सुटलं नाही. १९२१ मध्ये तो मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्रीचं काम बघायला आला आणि पुढच्याच वर्षी व्यवस्थापक झाला.

किंबरच्या डोक्यात एक साधा विचार होता. मॉरिसची गाडी भक्कम आहे, पण दिसायला घरातल्या मोठ्या माणसासारखी. तिच्याच चासीवर हलकी, बुटकी, दोन जणांची बॉडी टाकली आणि इंजिन जरा सुधारलं तर? तरुण पोरांना परवडेल अशी स्पोर्ट्स कार होईल की! त्यानं तेच केलं. तिला नाव दिलं गॅरेजच्याच आद्याक्षरांचं, आणि अष्टकोनी बिल्ला लावला. १९२९ मध्ये त्यानं साध्या मॉरिस मायनरवर एमजी मिजेट बनवली आणि ती तुफान चालली. एमजीचं काम ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनला हललं. अष्टकोनी बिल्ल्याच्या छोट्या गाड्या मोठमोठ्या गाड्यांना शर्यतीत मागे टाकायला लागल्या.

म्हणजे नाव मॉरिसचं, पण एमजीचा जीव किंबरचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी खोलता येणारी गाडी

या जुन्या एमजी लोक घरी दुरुस्त करू शकतात, कारण त्या मुळात साध्या मॉरिसच्या भागांवर बांधलेल्या होत्या. महागड्या रेसिंग कारसारखं काही खास, फक्त कारखान्यालाच कळेल असं त्यात थोडंच होतं. १९४५ मध्ये आलेली एमजी टीसी घ्या. चार वर्षांत सुमारे दहा हजार गाड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच परदेशी गेल्या. तिचं १२५० सीसीचं इंजिन मॉरिस टेन या घरगुती गाडीच्या इंजिनाचं भावंड. आणि हीच मॉरिस टेन आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं हिंदुस्थान टेन म्हणून आणली होती.

टीसीची चाकं तारांची, म्हणजे स्पोकची. स्पोक सैल-घट्ट करून चाकाचा आउट काढायचा. सायकलवाला जे करतो तेच. चाक मधल्या एकाच मोठ्या नटानं बसतं आणि गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, चालता चालता नट सुटू नये म्हणून. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचं उत्तरही असंच आहे.

बॉडीचा सांगाडा अॅश नावाच्या लाकडाचा, त्यावर पत्रा ठोकलेला. म्हणजे सुतारकाम येणारा माणूसही ही गाडी दुरुस्त करू शकतो. दोन कार्बोरेटर एसयू कंपनीचे, आणि ती कंपनी मॉरिसनंच विकत घेतलेली. दोन्ही सारखी हवा ओढतात का, हे बघायला कॉम्प्युटर लागत नाही. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा सूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचा. २०२० नंतरच्या बीएस-सिक्स बाइकवर बहुतेक फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे कार्बोरेटरची जेट साफ करण्याची मजा तुमच्यातल्या अनेकांना मिळालीच नसेल. घरात जुनी स्प्लेंडर असेल तर काकांना विचारा.

पण या गाडीत एक गंमत आहे आणि नवख्या मिस्त्रीचं डोकं तिथे हमखास फिरतं. तेव्हाच्या ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. टीसीच्या इंजिनाला इंची पाना लावला तर बोल्टच्या डोक्यावर बरोबर बसतो. बोल्ट निघतो. हरवला म्हणून तसाच दुसरा इंची बोल्ट लावायला जावं तर आत जातच नाही! कारण आटे मिलिमीटरच्या मापाचे आहेत.

असं कसं? त्याला कारण मॉरिसचा हिशेब. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच बंदूक कंपनीनं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना टाकला होता. युद्ध संपलं, बंदुकांना मागणी राहिली नाही, तेव्हा हा कारखाना मॉरिससाठी इंजिनं बनवू लागला. १९२३ मध्ये मॉरिसनं तो विकतच घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती. चालू यंत्रं भंगारात टाकून नवी घेणं मॉरिसला पटणारं नव्हतं. पण इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्याकडे मिलिमीटरचे पाने कुठून येणार? म्हणून आटे यंत्राच्या सोयीनं फ्रेंच ठेवले आणि डोकं मिस्त्रीच्या सोयीनं ब्रिटिश ठेवलं. ज्यानं स्वतः पाना फिरवलाय त्यालाच पानेवाल्याची अडचण आठवते. आज टीसी खोलणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो, काढलेला प्रत्येक बोल्ट जपून ठेव, जिथला तिथे लाव.

एमजीची पुढची एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. संख्या पाच लाखांहून जास्त. तिच्यासाठी तर मूळ साचे वापरून पूर्ण नवीन बॉडी १९८८ पासून पुन्हा बनायला लागली. कारखाना बंद झाला, पण गाडी संपली नाही, कारण ती उघडता येत होती आणि उघडणारे हात होते. आपल्याकडची अॅम्बॅसेडर आठवा. तीही मूळची मॉरिस ऑक्सफर्डच. १९५७ पासून २०१४ पर्यंत ती बनत राहिली, आणि देशातल्या कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री ती उघडून दुरुस्त करू शकत होता.

माणसं जोडता आली नाहीत

इथपर्यंत वाचून मॉरिस तुम्हाला हिरो वाटला असेल. थांबा जरा. सुटे भाग जोडण्यात हुशार असलेला हा माणूस माणसं जोडण्यात कमी पडला.

१९३५ मध्ये एमजी कंपनी त्यानं आपल्या मोठ्या मॉरिस मोटर्समध्ये घातली. शर्यती बंद झाल्या आणि डिझाइनचं काम अॅबिंग्डनहून काउलीला गेलं. ज्यानं एमजी घडवली त्या किंबरचे अधिकार हळूहळू कमी होत गेले. १९४१ मध्ये युद्धकाळातल्या एका कामावरून वाद झाला आणि किंबरला राजीनामा द्यावा लागला. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ झालेल्या रेल्वे अपघातात किंबर गेला. त्याच वर्षी टीसी बाजारात आली आणि एमजीचं नाव जगभर झालं. ते बघायला किंबर नव्हता.

मॉरिसच्या राजकारणातही काळा डाग आहे. १९३० च्या सुमारास त्यानं ओस्वाल्ड मोस्ले या पुढाऱ्याच्या नव्या पक्षाला पन्नास हजार पौंड दिले. हाच मोस्ले पुढे ब्रिटनमधल्या फॅसिस्टांचा नेता झाला. नवीन कल्पनांच्या बाबतीतही म्हातारपणी मॉरिसचा हात आखडला. १९४८ ची नवी मॉरिस मायनर त्याला अजिबात आवडली नव्हती. ती मात्र दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

हे सांगायलाच हवं. हातात कला असली म्हणजे माणूस प्रत्येक बाबतीत शहाणा होतो असं नाही. सोबतच्या माणसाचं श्रेय त्याला देणं ही वेगळी कला आहे आणि ती वेगळी शिकावी लागते.

डॉक्टर झाला नाही, पण...

आता त्या जुन्या स्वप्नाकडे वळू. सर्जन व्हायचं राहून गेलेला पोरगा ब्रिटनमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला. त्याला मूलबाळ नव्हतं. १९३४ मध्ये तो लॉर्ड नफिल्ड झाला. आणि पैसा कुठे गेला? मोठा वाटा गेला दवाखान्यांकडे आणि डॉक्टरांच्या शिक्षणाकडे.

ज्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचा तो कधी विद्यार्थी झाला नाही, त्याला १९३६ मध्ये त्यानं वैद्यकीय शिक्षणासाठी वीस लाख पौंड दिले. त्यात त्याची एक अट होती. भूल देण्याच्या शास्त्राचाही स्वतंत्र प्राध्यापक हवा. विद्यापीठातल्या मोठ्या लोकांना ते पटत नव्हतं. भूल देणं हा काय प्राध्यापकाचा विषय आहे का, असा त्यांचा सूर. पण मॉरिसनं लहानपणी दाताच्या उपचारात भुलीचा वाईट अनुभव घेतला होता. तो हटला नाही. १९३७ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश त्या जागेवर आले आणि भूलशास्त्राला विद्यापीठात मान मिळाला.

पुढच्याच वर्षी त्यानं आयर्न लंगबद्दलची फिल्म बघितली. पोलिओमुळे छातीचे स्नायू लुळे पडले की श्वास घेता येत नाही. अशा रुग्णाला एका पेटीत ठेवून, पेटीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करून श्वास चालू ठेवायचा, असं ते यंत्र. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ यांनी ते प्लायवूडमध्ये, स्वस्तात बनवलं होतं. मॉरिसनं बघितलं आणि ओळखलं की हे काम आपल्या कारखान्यात होऊ शकतं. मोटारींच्या कारखान्यात ही यंत्रं तयार झाली, आणि सुमारे १,७०० यंत्रं त्यानं ब्रिटनमधल्या आणि तेव्हाच्या साम्राज्यातल्या दवाखान्यांना फुकट दिली. सर्जन झाला असता तर एका वेळी एका पेशंटवर हात चालला असता.

आयुष्यभरात त्यानं तीन कोटी पौंडांच्या आसपास दान केलं. १९४३ मध्ये स्थापन झालेलं नफिल्ड फाउंडेशन आजही चालू आहे. तो स्वतः मात्र साधाच राहिला. त्याचं घर आता लोकांना बघता येतं. तिथे त्याच्या बेडरूममधलं कपाट उघडलं की आत कपडे नाहीत, हत्यारं दिसतात! रात्री झोप लागली नाही की हा अब्जाधीश उठून काहीतरी दुरुस्त करत बसायचा. स्वतःचे बूटसुद्धा तो स्वतः दुरुस्त करायचा. २२ ऑगस्ट १९६३ रोजी, ८५ व्या वर्षी तो वारला.

आता तुमची पाळी

तुमच्यातले कुणी पहाटेची लोकल पकडायला आसनगाव गाठतात, कुणी मुरबाडहून एसटीनं कल्याण. कुणी आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतात आणि नातेवाइकांसमोर ते सांगताना आवाज जरा खाली जातो. मार्क कमी पडले म्हणून आयटीआय, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. मॉरिसची शाळा तर पंधराव्या वर्षीच सुटली होती, तीही मनाविरुद्ध. शाळा सोडा असं त्याची गोष्ट सांगत नाही. संधी हुकल्याचं त्याला आयुष्यभर लागून राहिलं, म्हणूनच त्यानं दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी इतका पैसा ओतला. पण पाना धरणं कमीपणाचं आहे, असंही त्याला कधी वाटलं नाही.

घरी जुनी एमजी नसेल. पण बंद पडलेला मिक्सर असेल, भाताला पाणी देणारा पंप असेल, आजोबांची सायकल माळ्यावर पडली असेल. एखादी वस्तू निवडा. विजेची असेल तर आधी प्लग काढा. पंप थेट तारांवर जोडलेला असेल तर त्याला वायरमनशिवाय हात लावू नका. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, मग प्रत्येक टप्प्यावर एकेक फोटो. जुनं ताट घ्या, काढलेले नट-बोल्ट त्यात ओळीनं ठेवा, डावीकडून उजवीकडे, जसे निघाले तसे. बोल्ट फिरत नसेल तर जोर लावण्याआधी तेलाचे दोन थेंब सोडा आणि चहा पिऊन या. उलटे आटे तर नाहीत ना, हेही बघा. पान्याचं माप बरोबर नसेल तर तो लावू नका, बोल्टचं डोकं झिजलं की काम दुप्पट होतं. जोडून झाल्यावर ताटात एखादा वायसर उरला, तर वस्तू चालू झाली तरी परत खोला.

पहिल्या कमाईतून काय घ्यायचं असा प्रश्न पडला, तर चांगल्या पान्यांचा एक सेट घ्या. त्यावर आपलं नाव कोरून ठेवा. आणि कधी वाईट दिवस आलेच, सगळं विकायची वेळ आली, तर हा सेट मात्र शेवटपर्यंत विकू नका.